दुसऱ्या भागाने निराश केले तर

अद्भुतरम्य प्रेमकथेचा दुसरा भाग हातात येतो तेव्हा वाचक त्या गोष्टीत आधीच गुंतलेला असतो. पहिला भाग त्याने दोन रात्री जागून संपवलेला असतो, लेखिकेने शेवटच्या पानावर त्याला अगदी कड्याच्या टोकावर आणून सोडलेले असते आणि नवे पुस्तक त्याने महिनोन्‌महिने आधी प्री-ऑर्डर केलेले असते. मग तीनशेव्या पानाच्या आसपास कधीतरी त्याच्या लक्षात येते की पुढे काय होणार याची उत्सुकता संपली आहे आणि अजून किती पाने उरली आहेत हेच आपण पाहत आहोत. माझ्या भाचीच्या बाबतीत हा क्षण एका रविवारी दुपारी आला. ती स्वयंपाकघराच्या दारात पुस्तक घेऊन उभी राहिली आणि म्हणाली, "मावशी, तीनशे पानं झाली गं, आणि ही दोघं अजून एकमेकांशी धड बोललेलीसुद्धा नाहीत." ते पुस्तक कोणते, हे येथे सांगत नाही. त्यानंतरचे काही आठवडे आम्ही दोघींनी त्या नाराजीची जी चिरफाड केली, तिच्यातून हाती आलेली पद्धत मात्र सांगते.

ही नाराजी खरी असते आणि तिच्याबद्दल ओशाळण्याचे काही कारण नाही. अडचण एवढीच असते की ती नेमकी कशाबद्दल आहे, हे वाचकाला पहिल्या झटक्यात कळत नाही. "मजा नाही आली" या तीन शब्दांत चार-पाच निरनिराळ्या तक्रारी एकत्र कोंबलेल्या असतात. त्यांतल्या काही लेखिकेविरुद्ध असतात, काही प्रकाशकाविरुद्ध आणि काही तर आपण मनात स्वतःच रचून ठेवलेल्या पुस्तकाच्या बाजूने असतात. त्या सुट्या केल्या की तारे किती द्यायचे आणि तिसरा भाग घ्यायचा की नाही, हे प्रश्न बरेच सोपे होतात.

त्या रात्री तारे देऊ नयेत

पुस्तक मिटल्यावर लगेच मत लिहायला बसू नये. जेथे सोडले ते पान मात्र टिपून ठेवावे, कारण कंटाळा नेमका कोठे सुरू झाला, हे दोन दिवसांनी आठवत नाही आणि पुढच्या तपासासाठी तीच सर्वांत उपयोगाची नोंद असते. पुस्तक अर्धवट सोडले असेल तर ते पूर्ण केलेच पाहिजे, असेही नाही. चारशे पाने वाचून सोडलेल्या पुस्तकाबद्दल त्या चारशे पानांपुरते प्रामाणिकपणे बोलता येते.

या टप्प्यावर एक किरकोळ वाटणारी गोष्ट अवश्य तपासावी, ती म्हणजे आपल्या हातातली प्रत धड आहे की नाही. आपल्याकडे लोकप्रिय इंग्रजी कादंबऱ्यांच्या नकली प्रती पदपथावर सर्रास मिळतात. त्यांत कधी सोळा-सोळा पानांची जुडीच गायब असते, तर कधी एखादे प्रकरण दोनदा बांधलेले असते. अधिकृत प्रतींतही गोंधळ होतात. रिबेका यारोस यांच्या मालिकेतील 'आयर्न फ्लेम' या दुसऱ्या भागाच्या २०२३ च्या पहिल्या छपाईतील काही प्रती सदोष निघाल्या होत्या आणि त्याबद्दल वाचकांनी जाहीर तक्रारी केल्या होत्या. अशा दोषाची दाद विक्रेत्याकडे किंवा प्रकाशकाकडे मागावी, त्यासाठी कथेचे तारे कापू नयेत. याच्या उलटही घडते. स्टेफनी मायर यांच्या 'न्यू मून' या दुसऱ्या भागात नायक निघून गेल्यावर काही पानांवर ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी अशी फक्त महिन्यांची नावे छापली आहेत. माझ्या एका मैत्रिणीने ती पाने पाहून प्रत कोरी निघाली म्हणून दुकानदाराशी वाद घातला होता. नायिकेचे ते चार महिने कोरेच गेले होते, हे तिला घरी आल्यावर उमगले. आजही ती म्हणते की वाद घालतानाचा तिचा संताप आणि नायिकेची अवस्था यांत फारसा फरक नव्हता.

पहिल्या भागाची शेवटची तीन प्रकरणे

दोन-तीन दिवस गेल्यावर पहिला भाग पुन्हा हातात घ्यावा. तो पूर्ण वाचू नये, कारण तो पुन्हा आवडेल आणि दुसऱ्याबद्दलचा राग वाढेल. फक्त शेवटची तीन प्रकरणे वाचावीत, तीही पेन्सिल हातात घेऊन. पहिल्या भागाने वाचकाला काय कबूल केले होते, एवढेच त्यांत शोधायचे असते.

हे का करायचे, ते समजण्यासाठी या साहित्यप्रकाराचा पाया पाहावा लागतो. 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' या लेखकसंघटनेने प्रणयकादंबरीची व्याख्या दोन गोष्टींत बसवली आहे : प्रेमकथा मध्यवर्ती असावी आणि शेवट भावनिक समाधान देणारा व आशादायी असावा. एका खंडाच्या कादंबरीत हा करार तीन-चारशे पानांत पुरा होतो. अद्भुतरम्य प्रेमकथा मात्र हल्ली सहसा मालिकेत येते. पहिल्या भागात दोघांचे जमते, राज्य वाचवायचे राहून जाते आणि समाधानाचा हप्ता पुढच्या खंडावर ढकलला जातो. परिणामी दुसऱ्या भागाची लेखिका मोठ्या पेचात सापडते. 'यांचे जमणार की नाही' या एका प्रश्नावर तिने पहिली पाचशे पाने ओढलेली असतात आणि आता तो प्रश्नच शिल्लक नसतो. तिच्यापुढे मोजक्याच वाटा असतात. दोघांची ताटातूट करावी, त्यांच्यात एखादे गुपित आणावे, तिसरे माणूस आणावे, किंवा प्रेमाला स्वस्थ बसू देऊन युद्ध मोठे करावे. यांतली कोणतीही वाट धरली तरी वाचकांचा एक गट नाराज होणारच. म्हणून लेखिकेने वाट कोणती धरली, याला फार महत्त्व देऊ नये आणि त्या वाटेची तयारी पहिल्या भागात झाली होती की नाही, ते पाहावे.

यासाठी एका कागदाचे उभे दोन भाग करावेत. डावीकडे आपली तक्रार लिहावी आणि उजवीकडे त्या बाबतीत पहिल्या भागाने काय कबूल केले होते, ते पान क्रमांकासह लिहावे. उजवी बाजू रिकामी राहिली तर तसे नमूद करावे, पण ती आठवणीतून भरू नये. आठवणीत आपण वाचलेल्या कथेत आपल्या कल्पना बेमालूम मिसळलेल्या असतात, आणि पहिला व दुसरा भाग यांच्यामध्ये वर्ष गेले असेल तर ते मिश्रण अधिकच घट्ट झालेले असते.

भाचीच्या कागदावरची पहिली तक्रार अशी होती : "तो तिच्यापासून गोष्टी लपवतो." उजवी बाजू भरताना तिला पहिल्या भागाच्या उपान्त्य प्रकरणात नायकाचे एक वाक्य सापडले. त्यात त्याने स्पष्ट बजावले होते की जे ऐकून तुझा जीव धोक्यात येईल, ते मी तुला सांगणार नाही. ते वाक्य तिने पहिल्यांदा वाचताना अधोरेखित केले होते आणि शेजारी बदामही काढला होता. लेखिकेने दिलेला शब्द पाळला होता. पहिल्या भागात जे वाक्य गोड वाटले, त्याचाच दुसऱ्या भागात चारशे पाने त्रास झाला होता. ती तक्रार तिने खोडली नाही, पण तिच्यापुढे 'माझी' असे लिहिले. दुसरी तक्रार वेगळ्या जातीची निघाली. नायिकेने अग्निविद्या वापरली की तिचे तळवे भाजतात, ही गोष्ट पहिल्या भागात इतक्यांदा आली होती की ती कथेचा नियमच बनली होती. एका प्रसंगात तर भाजलेल्या हातांमुळे तिला दोर धरता आला नव्हता. दुसऱ्या भागात ती रात्रभर आग ओकते, सकाळी केस विंचरते आणि तळव्यांचा उल्लेखही येत नाही. येथे नियम लेखिकेने केला होता आणि तोडलाही तिनेच. ही तक्रार पुस्तकाविरुद्ध पक्की उभी राहते.

न बोलल्यामुळे वाढलेली पाने

या प्रकारातली सर्वांत मोठी तक्रार गैरसमजाची असते, म्हणून तिच्यावर थोडे थांबायला हवे. प्रेमी जीव एका खोलीत आहेत, दोघांनाही बोलता येते, तरी ते बोलत नाहीत आणि त्यामुळे दोनशे पाने वाढतात, असा तो आरोप असतो. तो करण्यापूर्वी दोन प्रश्न क्रमाने विचारावेत. पाच मिनिटांच्या सरळ बोलण्याने हा पेच सुटला असता का? उत्तर 'नाही' आले तर हा गैरसमज नाही, खरा संघर्ष आहे आणि लेखिकेला त्याचे श्रेय द्यावे लागते. उत्तर 'हो' आले तर पुढचा प्रश्न असा, की न बोलण्याचे कारण त्या माणसाच्या स्वभावात पहिल्यापासून होते का? 'न्यू मून'मधला नायक नायिकेच्या भल्यासाठी म्हणून तिला सोडून जातो, याचा अनेक वाचकांना राग आला. परंतु आपणच तिच्यासाठी सर्वांत मोठा धोका आहोत, ही त्याची भीती २००५ च्या 'ट्वायलाइट' या पहिल्या भागभर पसरलेली आहे. त्याचा निर्णय पटो वा न पटो, तो आकाशातून पडलेला नाही. ज्या पुस्तकात पहिल्या भागातली धीट, तोंडाळ नायिका दुसऱ्या भागात केवळ पाने भरण्यासाठी मुकी होते, त्या पुस्तकाला मात्र ही सवलत देण्याचे कारण नाही.

नायकच बदलणे हा याहून अवघड प्रसंग. सारा जे. मास यांची मालिका या बाबतीत अभ्यासण्यासारखी आहे. ज्यांनी ती वाचलेली नाही, त्यांनी हा परिच्छेद सोडून पुढे जावे. २०१५ च्या पहिल्या पुस्तकात नायिका टॅमलिनवर प्रेम करते आणि त्याच्यासाठी मरणाला सामोरी जाते. २०१६ च्या 'अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्युरी'मध्ये ती त्याला सोडते आणि ऱ्हायसँडकडे वळते. टॅमलिनमध्ये गुंतलेल्या वाचकाला फसवल्यासारखे वाटणे स्वाभाविक आहे. तरीही तीन प्रकरणांची पद्धत वापरली, आणि येथे थोडे आणखी मागे गेले, तर सापडते की जखमी नायिकेला बरे करण्याच्या मोबदल्यात दर महिन्याचा एक आठवडा आपल्याकडे राहण्याचे वचन ऱ्हायसँडने पहिल्याच भागात तिच्याकडून घेतले होते. दार तेव्हाच किलकिले झाले होते. पुष्कळ वाचकांना हा दुसरा भाग पहिल्यापेक्षा अधिक आवडतो. ज्यांना आवडत नाही त्यांची हळहळ खोटी नसते, पण तिच्यासाठी योग्य शब्द 'माझा नायक हरला' हा आहे, 'पुस्तक फसले' हा नव्हे.

जग फार मोठे झाल्याची तक्रार त्या मानाने लवकर निकालात निघते. नवी राज्ये, नवे देव आणि नावांचा डोंगर समोर आला, तर शेवटच्या शंभर पानांत त्यांतल्या किती गोष्टी कामाला आल्या, ते मोजावे. निम्म्याही आल्या नसतील तर संपादकाने कात्री चालवायला हवी होती, असे निःशंक म्हणावे.

बाणभट्टाच्या मुलाची अडचण

मराठी वाचकाला हे सगळे परके वाटण्याचे कारण नाही, कारण आपल्या भाषेत 'कादंबरी' या साहित्यप्रकाराचे नावच एका अपुऱ्या राहिलेल्या अद्भुतरम्य प्रेमकथेवरून आले आहे. सातव्या शतकात हर्षाच्या दरबारातील बाणभट्टाने 'कादंबरी' लिहायला घेतली. तिच्यात गंधर्वकन्या आहेत, शाप आहेत, बोलणारा पोपट आहे आणि एकाच प्रेमासाठी घेतलेले अनेक जन्म आहेत. ती पुरी होण्याआधीच बाण वारला आणि सेविका पत्रलेखा नायक चंद्रापीडाला नायिका कादंबरीची विरहावस्था सांगत असतानाच कथा मध्येच तुटली. उत्तरभाग त्याच्या मुलाने लिहिला. परंपरेत त्याचे नाव कोठे भूषणभट्ट, तर कोठे पुलिंद असे येते. आरंभीच त्याने सांगून टाकले आहे की कथा अपुरी राहिल्याने सज्जनांना झालेले दुःख पाहून मी हे हाती घेतले, कवित्वाच्या गर्वाने नव्हे. जाणकारांनी उत्तरभाग पूर्वभागापेक्षा उणाच मानला. तरीही कोण कोणाचा पूर्वजन्म, पोपट कोण आणि घोडा कोण, या सगळ्या गाठी त्यानेच सोडवल्या, आणि त्याच्याविना चंद्रापीड व कादंबरी आजपर्यंत एकमेकांपासून दूरच राहिले असते.

यातून एक व्यवहार्य प्रश्न हाती लागतो आणि तो कागदाच्या तळाशी लिहावा : या दुसऱ्या भागाने गाठी सोडवल्या का, की फक्त नव्या मारल्या? शैली उणी पण गाठी सुटल्या, असे पुस्तक सहन करता येते. शैली झगमगीत, पण पहिल्या भागातली एकही गाठ सुटली नाही आणि शेवटी पुन्हा कड्याचे टोक, असे असेल तर नाराजीला भक्कम आधार आहे.

मत लिहिताना

आता मत लिहायला हरकत नाही. गुडरीड्‌सवर (वाचकांनी पुस्तकांवर मते नोंदवण्याच्या संकेतस्थळावर) तारे देणार असाल तर तेथील ताऱ्यांचा अर्थ पाहून घ्यावा. तेथे दोन तारे म्हणजे 'ठीक' आणि तीन म्हणजे 'आवडले'. आपल्याकडे तीन ताऱ्यांना काठावर पास समजण्याची सवय आहे, त्यामुळे अनेकजण दोन द्यायचे तेथे तीन देतात किंवा रागाच्या भरात थेट एकावर उतरतात. पहिल्या भागाला दिलेले तारे दुसऱ्याच्या रागापायी बदलू नयेत.

मजकूर लिहिताना कागदावरची उजवी बाजू कामी येते. "लेखिकेने पैशांसाठी पाट्या टाकल्या आहेत" या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीही कळत नाही, शिवाय ते सिद्धही करता येत नाही. यारोस यांच्या मालिकेचा पहिला भाग 'फोर्थ विंग' मे २०२३ मध्ये आणि दुसरा, 'आयर्न फ्लेम', त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये आला. दोन भागांत एवढे कमी अंतर असले की घाईचा आरोप जिभेवर लगेच येतो, परंतु प्रकाशनाची तारीख म्हणजे लेखनाचा कालावधी नव्हे, हे ध्यानात ठेवावे. त्याऐवजी भाचीने अखेर असे लिहिले : "पहिल्या भागात विद्येची किंमत शरीराला मोजावी लागते, म्हणून प्रत्येक लढाईत भीती वाटते. दुसऱ्या भागात ही किंमत न सांगता माफ झाली आहे, त्यामुळे शेवटची लढाई लांब आहे पण धाकधूक नाही. नायकाच्या गुप्ततेचा मला त्रास झाला, मात्र त्याचा इशारा आधीच दिलेला होता." हे तीन वाक्यांचे मत वाचून ज्याला गुप्तता खपते तो पुस्तक घेईल आणि ज्याला जादूचे नियम चोख लागतात तो थांबेल. कथेतले रहस्य फुटत असेल तर पहिल्या ओळीतच तशी सूचना द्यावी. लेखिकेला टॅग करून नाराजी तिच्या दारात नेऊन टाकू नये. मत दुसऱ्या वाचकांसाठी असते.

ज्या मैत्रिणीला ते पुस्तक फार आवडले आहे, तिच्याशी बोलताना कागद घरी ठेवावा. तिला आधी विचारावे की कोणता प्रसंग आवडला. अनेकदा तो आपण कंटाळून चाळत गेलेल्या पानांतलाच असतो.

तिसरा भाग

मधला भाग पडला म्हणून मालिका पडली, असे होत नाही, पण तिसऱ्यावर डोळे मिटून पैसे लावणेही शहाणपणाचे नाही. प्री-ऑर्डर करू नये. पुस्तक आल्यावर ई-आवृत्तीचा नमुना मोफत मिळतो, तो वाचावा आणि आपल्या कागदावरच्या 'पुस्तकाविरुद्ध' ठरलेल्या तक्रारींपैकी एकीची तरी दखल पहिल्या काही प्रकरणांत घेतलेली दिसते का, ते पाहावे. तळवे पुन्हा भाजू लागले असतील तर समजावे की लेखिकेच्या लक्षात आले आहे. मालिका किती भागांची आहे, हेही विचारात घ्यावे. यारोस यांनी आपली मालिका पाच भागांची योजली आहे आणि तिचा तिसरा भाग, 'ऑनिक्स स्टॉर्म', जानेवारी २०२५ मध्ये आला. तीन भागांच्या मालिकेत वाचकाला शेवटासाठी एकच पुस्तक थांबावे लागते, पाचांच्या मालिकेत मात्र काही वर्षे. तेवढा धीर नसेल तर पहिला भाग हीच पूर्ण कथा मानून तेथे थांबण्याचा हक्क वाचकाला आहे. बाणाचा पूर्वभाग तेवढाच वाचून पुस्तक मिटणारे रसिकही होतेच.

राहता राहिली ती कपाटातली प्रत. रंगवलेल्या कडांची, ठसठशीत मुखपृष्ठाची प्रत पहिल्या भागाशेजारी शोभून दिसते, म्हणून ती ठेवण्याचा मोह होतो. भाचीने महिनाभर ती उलटी करून, कणा आत आणि रंगीत कडा बाहेर अशी ठेवली होती. मग तिच्या वर्गातल्या एका मुलीने पहिला भाग संपवून दुसरा मागितला, तेव्हा तिने पुस्तक दिले आणि कागद मात्र आधी काढून घेतला. त्या मुलीचे वाचून झाल्यावर दोघी आपापले कागद शेजारी ठेवून बसल्या. तळव्यांची तक्रार दोन्हींवर होती.